लसीने खांदा धरला, भरपाईसाठी ग्राहक आयोग बरा की दिवाणी दावा?

लस घेतल्यावर खांदा गेला आणि भरपाई मागायचीय, पण जायचं कुठे, यात मी स्वतः दोन महिने घोळ घातला म्हणून लिहितोय.

सांगलीत एका खाजगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली. सुई दंडाच्या मांसल भागात न देता पार वर, खांद्याच्या हाडाला लागूनच दिली, त्याच रात्री ठणका सुरू झाला आणि आठवड्याभरात एसटीत वरचा दांडा धरता येईना, शर्ट घालताना बायको बाही धरायची. मिरजेत एमआरआय केला तर हाडाखालच्या पिशवीला सूज.

दिवाणी दावा वाईट नाही हां. साक्षीपुरावा, उलटतपासणी सगळं सविस्तर होतं, आणि सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यात लस घेतली असेल तर ग्राहक म्हणून जाताच येत नाही, सुप्रीम कोर्टाचा 1995 चा निकाल आहे.

पण मला नडली ती कोर्ट फी. जेवढं मागाल त्या हिशोबात फी वाढते, आणि ती दावा दाखल करतानाच भरायची. वकिलांनी फाइलच्या पाठीवर आकडे मांडले आणि फिजिओथेरपीत आधीच खिसा रिकामा झालेला मी मागणीच कमी करत बसलो, सहाचे चार, चाराचे अडीच. घरी आल्यावर इतका राग आला, खांदा माझा गेलाय आणि पडतं पण मीच घ्यायचं? आयोगात फी आपण सेवेला किती पैसे मोजले त्यावर ठरते, पाच लाखांपर्यंत शून्य, आणि माझे तर लसीला दोन हजारांच्या आतच गेले होते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील नसला तरी स्वतः बोलता येतं.

चूक मात्र दोन्हीकडे सिद्ध करावी लागते. अमेरिकेत 2017 पासून खांद्याची ही इजा त्यांच्या भरपाई योजनेच्या यादीतच आहे, दुखणं 48 तासांत सुरू झालं आणि बाकीचे निकष बसले तर कुणाची चूक दाखवावी लागत नाही. आपल्याकडे ऑर्थोपेडिक डॉक्टरचं लेखी मत जोडलेलं बरं. तारखा आयोगातही पडतात, माझं प्रकरण अजून चालूच आहे.

तरी मला विचाराल तर आयोगच, फक्त दोन वर्षांच्या आत जा. आणि पहिल्याच केसपेपरवर 'इंजेक्शन घेतलं त्या रात्रीपासून दुखतंय' असं डॉक्टरकडून लिहून घ्या. माझ्या पेपरवर नुसतं 'खांदेदुखी' लिहिलंय आणि समोरचे वकील दर तारखेला तोच कागद पुढे करतात.