जुन्या बाइकचा क्लच चिकटतोय: केबल, ऑइल, प्लेटा की अख्खी असेंब्ली?

क्लच चिकटतो म्हणून जुनी गाडी गॅरेजला लावली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘प्लेटा गेल्या.’ मग प्लेटा बदलतात, बिल होतं, आणि आठवडाभरात गाडी मुंबईत सायनच्या सिग्नलला पुन्हा तशीच पुढे ओढू लागते. याचं कारण साधं आहे. लाइनर (प्लेटेवरचा घर्षणाचा थर) झिजलेल्या प्लेटा सहसा घसरतात, चिकटत नाहीत. रेस वाढवल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, चढावर दम तोडते, हे घसरणं. क्लच पूर्ण दाबूनही गाडी सरकते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज होऊन गाडी झेप घेते, हे चिकटणं. दोन्ही आजार वेगळे, दोन्हींचे खर्च वेगळे. तुमची तक्रार दुसरी असेल तर पैसे कुठे घालायचे ते खाली मांडतो.

सगळ्यात आधी क्लच कधी चिकटतो ते बघा. फक्त सकाळी पहिल्या गिअरला चिकटत असेल आणि गाडी गरम झाल्यावर सुरळीत होत असेल, तर संशय ऑइलवर किंवा बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीवर. थंड असताना ठीक आणि एलबीएस मार्गावर अर्धा तास हाफ क्लचवर रखडल्यावर न्यूट्रल हरवत असेल, तर वाकलेल्या पोलादी प्लेटा (लाइनरच्या प्लेटांच्या मधल्या साध्या प्लेटा). थंड-गरम कशातच फरक नसेल, तर केबल किंवा क्लच हाउसिंग, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात तो डबा.

केबल बदलावी की आत हात घालावा?

हा निर्णय पाच मिनिटांत आणि फुकट होतो, म्हणून तो आधी. इंजिनकडच्या टोकाला केबल आर्ममधून (ती ओढते ती इंजिनवरची छोटी पट्टी) सोडवा आणि हँडलवरचा लिव्हर दाबून बघा. आता लिव्हर जवळजवळ वजनाशिवाय सरकला पाहिजे आणि केबलची तार हाताने दोन्ही बाजूंनी सुळकन धावली पाहिजे. खरखर लागली, अडकली, किंवा लिव्हर सोडल्यावर तार तिथेच राहिली, तर दोष केबलचा. तार मोकळी धावत असेल पण इंजिनवरचा आर्म हाताने फिरवताना जड जात असेल किंवा सोडल्यावर आपसूक मागे येत नसेल, तर आर्मचा दांडा आत गंजलाय. त्याच्या ऑइल सीलमधून पाणी शिरतं. दांडा काढून साफ करून, ग्रीस लावून, सील बदललं की काम होतं. त्यासाठी प्लेटा उघडायची गरज नाही.

मुंबईत केबलचा बळी आधी जातो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हँडलजवळच्या वळणावर पाणी उतरतं, तारेचे एकेक धागे तुटून आतल्या आत फुलतात आणि आवरणात अडकतात. असा एक जरी धागा बाहेर दिसला तर तेल सोडत बसू नका, केबल बदला. ती रस्त्यात तुटली तर गिअरमध्ये असलेली गाडी थांबवायला क्लचच उरत नाही. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलीत जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. नवी केबल टाकताना लिव्हरचा पिव्होट बोल्टही काढून पुसा, कोरडा पडला असेल तर हलकं ग्रीस लावा. बऱ्याच गाड्यांत जडपणा तिथेच असतो.

खेळ, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो तो, मोजायला विसरू नका. बहुतेक कम्यूटर गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी खेळ लागतो. तो जास्त झाला की लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, आणि अजिबात नसला तर क्लच घसरून जळतो. केबल वापरून ताणून लांबली की खेळ वाढतो, प्लेटा झिजल्या की कमी होतो. एवढ्या एका गोष्टीवर लक्ष ठेवलंत तर गॅरेजमध्ये काय ऐकायचं ते कळेल.

ऑइल: स्वस्त प्रयोग, पण योग्य ऑइलने

ओल्या काचेवर काच ठेवली की जशी ती सहज उचलता येत नाही, तसं थंड आणि जाड ऑइल प्लेटांना एकमेकींना धरून ठेवतं. 10W-30 सांगितलेल्या गाडीत ‘जुनी झाली, जाड टाकूया’ म्हणून 20W-50 भरलं, तर सकाळचा चिकटपणा ओढवून घेतलेला असतो. पुस्तिकेतला ग्रेड वापरा आणि डब्यावर JASO MA किंवा MA2 (ऑइलमध्ये बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचसाठीची खूण) आहे ना ते बघा. MB हे कोरडा क्लच असलेल्या स्कूटरसाठी असतं. कारचं इंधन वाचवणारं ऑइल तर ओल्या क्लचला घसरवू शकतं, मग एक आजार घालवायला दुसरा पदरात.

पावसात तुंबलेल्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर प्लेटांचा विचार नंतर. आधी ऑइल बदला, थोडी गाडी चालवा, पुन्हा बदला.

पावसाळाभर इमारतीखाली उभी राहिलेली गाडी चिकटली असेल तर एक पैसा खर्च न करता आधी हे करा: इंजिन बंद, तिसरा-चौथा गिअर, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी हाताने पुढे-मागे झुलवा. प्लेटा सुटल्या की हाताला लगेच जाणवतं. न सुटल्यास लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा. कास्ट आयर्न (जुन्या लोखंडी इंजिनाच्या) बुलेटवाले तर हेच वेगळ्या पद्धतीने करतात: तिथे किकची ताकद क्लचमधूनच इंजिनला जाते, म्हणून इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून किक मारली की प्लेटा मोकळ्या होतात.

प्लेटा की असेंब्ली?

वरचं सगळं करून झालं तरच उजवीकडचं कव्हर उघडा (जुन्या बुलेटला आणि येझदीला डावीकडचं). प्लेटा बाहेर काढून पोलादी प्लेटा काचेवर एकेक ठेवा, कडेखाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. बऱ्याच कम्यूटर गाड्यांत 0.2 मिमीपेक्षा जास्त वाक आला की प्लेट बाद. निळसर डाग पडलेल्या प्लेटाही जळालेल्या असतात. इथे पोलादी प्लेटा, लाइनरच्या प्लेटा आणि स्प्रिंग एकत्र बदलणं शहाणपणाचं. लाइनरच्या नव्या प्लेटा निदान काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून मगच बसवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात.

पण खरा निर्णय हाउसिंगच्या बोटांवर होतो. लाइनरच्या प्लेटांचे कान या बोटांमध्ये अडकलेले असतात आणि वर्षानुवर्षं आपटून बोटांवर खाचा पाडतात. क्लच दाबला की प्लेट सरकण्याऐवजी त्या खाचेत अडकते. नखाची कड बोटावरून वरून खाली ओढा. नख हलकेच खरखरलं तर बारीक कानस सरळ धरून खाच घासता येते, दोन्ही बाजू सारख्या. नख ठक्कन अडकलं तर घासू नका, इतकं धातू काढल्यावर कान सैल पडतात आणि गाडी आयडलला खडखडते. माझ्या ओळखीतल्या एका स्प्लेंडरच्या प्लेटा बदलल्या, तरी क्लच तसाच राहिला. नवे कान जुन्या खाचांत जाऊन बसले होते. हाउसिंग बदलल्यावर गाडी बोटाच्या इशाऱ्यावर न्यूट्रलला येऊ लागली.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे. खाचा खोल असतील तर नुसत्या प्लेटांवर पैसे घालू नका, असेंब्लीच (हाउसिंगसकट अख्खा क्लच) घ्या. खाचा नसतील तर असेंब्ली विकणाऱ्याला नकार द्या. केबल काही शेकड्यांत येते, असेंब्ली मजुरीसकट हजारांत जाते, त्यामुळे काढलेला भाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देऊ नका. मधला नट सोडवायला खास पाना आणि क्लच होल्डर लागतो. छिन्नी-हातोडीने नट सोडवणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका, बेअरिंगपर्यंत मार जातो.

स्प्लेंडर, सीडी 100 सारख्या गाड्यांचे भाग आजही सहज मिळतात, तिथे कंपनीचाच माल घ्या. आरएक्स 100 आणि जुनी येझदी दोन्ही 1996 मध्ये बंद झाल्या. त्यांचं हाउसिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोरबाजारात जुनं शोधावं लागलं, तर उजेडात नेऊन तीन गोष्टी तपासा: बोटांवरच्या खाचा, मागचे रिव्हेट हलतात का, आणि गिअर धरून हाउसिंग पिरगाळल्यावर मधले रबर किंवा स्प्रिंग सैल लागतात का. यातलं एकही बिघडलेलं असेल तर कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा. बसवल्यानंतर शे-दोनशे किलोमीटरवर खेळ पुन्हा मोजा. नव्या प्लेटा बसता बसता तो कमी होतो, आणि तेव्हा केबल थोडी सैल करावी लागते.