विंडोज सोडल्यावर बॅटरीचं काय झालं? सात महिन्यांचा हिशेब

डोंबिवलीहून सीएसएमटीला येताना लोकलमध्ये प्लग मिळत नाही. गिरगावातल्या ज्या छापखान्यात मी प्रुफं तपासायला बसतो, तिथला एकमेव सॉकेट चहाच्या किटलीने अडवलेला. सकाळी घरी केलेलं चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरवायचं, हाच माझा रोजचा खेळ.

लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लॅमिंग्टन रोडवरून नवी बॅटरी त्याच्या आधीच बसवली होती, त्यामुळे तुलना दोन्हीकडे एकाच बॅटरीची आहे.

पहिला आठवडा वैतागाचा गेला. विंडोजवर सव्वापाच तास मिळायचे, इथे साडेचार तासांतच लाल निशाणी. पॉवरटॉप हा वीजखर्च दाखवणारा प्रोग्रॅम लावून पाहिलं तर नुसती पीडीएफ उघडी असतानाही आठ वॉट खर्च! मग टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाकला (मिंटचे स्वतःचे पॉवर मोड आणि टीएलपी एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात). खर्च साडेसहा वॉटवर आला आणि साडेपाच तास मिळू लागले. म्हणजे फायदा पंधरा मिनिटांचा. एवढ्यासाठी कुणी सिस्टिम बदलू नये, स्क्रीनचा उजेड थोडा कमी केला तरी तेवढं सुटतं.

यूट्यूब लावलं की पंखा घोंघावायचा, त्याचं खापर मी आधी मिंटवर फोडलं. पण व्हिडिओ एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये येत होता, आणि या पिढीच्या चिपमध्ये तो उलगडायची सोयच नाही, सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्समध्ये एव्ही१ बंद केलं, पंखा गप्प.

खरी गंमत झाकण मिटल्यानंतरची. रात्री ८० टक्के ठेवून झोपायचो, सकाळी ६२! कारण मिंटवर लॅपटॉप 'एस२आयडल' या हलक्या झोपेत जात होता. त्यात स्क्रीन काळी दिसते, पण आतली बरीचशी यंत्रणा अर्धवट जागी असते. विंडोजवर ठरावीक वेळाने तो आपोआप हायबरनेट व्हायचा (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद), म्हणून हे कधी जाणवलंच नव्हतं. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये 'डीप' म्हणजे गाढ झोपेची एक ओळ घातली, ग्रब अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ७८. जागं व्हायला तीन-चार सेकंद जास्त लागतात, दादरच्या गर्दीत तेवढंही नकोसं होतं, पण चालवून घेतो.

पुतण्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर हाच प्रयोग करायला बसलो तर तिथे 'डीप' हा पर्यायच नाही, फक्त हलकी झोप. त्याला म्हटलं, बाबा, तू आहेस तिथेच बरा आहेस.