सुईण, टब आणि एपिड्यूरल : दोन बाळंतपणं शेजारी ठेवून

मिडवाइफकडे बाळंतपण करणार, आणि जमलं तर पाण्यात, असं आजीला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "म्हणजे सुईणच की! अगं, सुईणीकडनंच करायचं तर इंग्लंडला कशाला गेलीस?" तिची पाचही बाळंतपणं घरी झाली. त्यातली दोन लेकरं राहिली नाहीत. त्यामुळे सुईण या शब्दावर ती हसत नाही.

माझी दोन्ही बाळंतपणं इंग्लंडमध्ये, एकाच हॉस्पिटलात झाली. थोरला लेबर वॉर्डात, एपिड्यूरल (पाठीत सुई देऊन कंबरेखाली बधिर करणारी भूल) घेऊन. धाकटी त्याच इमारतीतल्या मिडवाइफ युनिटमध्ये, म्हणजे जिथे सगळं मिडवाइफच बघतात तिथे, पाण्याच्या टबात. लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण आता बावीसाव्या आठवड्यात आहे. "ताई, मी काय निवडू?" असं ती विचारतेय. तिच्यासाठी लिहिता लिहिता वाटलं, हाच प्रश्न पडलेल्या आणखीही कुणाला उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझी तुलना पूर्ण सरळ नाही. दुसऱ्या खेपेला वाट मोकळी झालेली असते, कळा लवकर आवरतात. धाकटीचं सगळं सोपं गेलं याचं निम्मं श्रेय टबाला न देता थोरल्याला द्यावं लागेल.

मिडवाइफ म्हणजे नेमकी कोण

इथली मिडवाइफ तीन वर्षांची पदवी घेते, तिची सरकारमान्य नोंदणी असते. गरोदरपणात सगळं ठीक असेल तर तपासणी, रक्त, लघवी, बीपी, पोटाचं माप हे सगळं तीच बघते. डॉक्टर गरज पडली तरच येतात. माझ्या थोरल्या वेळी शेवटच्या तासापर्यंत मला डॉक्टरचं तोंड दिसलं नव्हतं, आणि ते काही बिघडल्याचं लक्षण नव्हतं. आपल्याकडे हे मुरायला वेळ लागतो. भारतातही केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफ सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सना त्यासाठी अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण ठरवलं. पण पुण्या-मुंबईत बाळंतपण म्हटलं की अजून 'डॉक्टर कोण?' हाच पहिला प्रश्न येतो.

तेव्हा पाण्यात की कोरड्यावर याच्या आधी एक प्रश्न सोडवा : कळा सुरू असताना खोलीत तुमच्यापाशी कोण असणार? थोरल्या वेळी मला तीन मिडवाइफ मिळाल्या. एक छान होती, पण तिची शिफ्ट संपली. दुसरी दोन खोल्या सांभाळत होती. तिसरीला माझं नाव नीट घेता येईपर्यंत फोर्सेप्सची, म्हणजे चिमट्यानं बाळ बाहेर ओढायची, वेळ आली. धाकटीच्या वेळी एकच बाई सहा तास माझ्यापाशी होती. तिनं फार काही केलं नाही. टबाच्या कडेला खुर्ची टाकून बसली, लिहीत राहिली, मी हात पुढे केला की हात दिला. माझ्या दोन बाळंतपणांतला खरा फरक हाच. पाणी त्याच्या मागून येतं.

कळा : सुई की पाणी

एपिड्यूरल पाठीत बसलं आणि वीस मिनिटांत मी माणसात आले. नवऱ्यानं आणलेलं सँडविच मागितलं, ते कुणी दिलं नाही ही गोष्ट वेगळी. जिला कळा सहनच होत नाहीत तिला 'नॅचरल'चा उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्याची किंमत असते : पाय जड, लघवीला नळी, पोटाला मशीनचे पट्टे, उताणं पडून राहणं. जोर कधी करायचा हे मला कळत नव्हतं, मिडवाइफ पडद्यावर बघून सांगत होती. अखेर काप घेऊन फोर्सेप्स लावला. टाक्यांमुळे पुढचे तीन आठवडे मी उशीवर एका कुल्ल्यावर बसायची.

पाण्याची गोष्ट वेगळी. कळ जात नाही, हे आधीच डोक्यात पक्कं ठेवा. 'पाण्यात दुखत नाही' हे धादांत खोटं. पाण्यात फक्त दोन कळांमधली जागा परत मिळते. छातीपर्यंत पाणी, अंगाचं ओझं नाहीसं होतं, गुडघ्यांवर बसा, कडेला लोंबकळा, कूस बदला. कळ ओसरली की खरंच ओसरते. मी त्या मधल्या मिनिटांत चक्क डुलक्या काढल्या. वर तोंडात गॅस-अँड-एअरचा पाइप होताच, तो टबातही चालतो. निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन, डोकं हलकं होतं. एपिड्यूरल मात्र टबात मिळत नाही. कळा कमी करणारं पेथिडीनचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन तास पाण्यात सोडत नाहीत, गुंगीत कुणी बुडायला नको म्हणून.

अभ्यास काय सांगतात? कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात पंधरा चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. पाण्यात कळा काढणाऱ्यांमध्ये एपिड्यूरलसारखी भूल घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ४३ वरून ३९ वर आलं. म्हणजे फरक पडतो, पण जादू नाही. फोटोंमध्ये फुलांच्या पाकळ्या तरंगताना बघून ज्यांनी ठरवलं असेल, त्यांनी हा आकडा जरूर बघावा.

बाळ पाण्यात : आजीची भीती आणि तिचं उत्तर

आजीचा पुढचा प्रश्न सरळ होता. "पोर बुडणार नाही का?" बाळ पोटातही पाण्यातच असतं, नाळेतून त्याला ऑक्सिजन मिळत असतो. श्वास घ्यायची खूण त्याला हवा लागल्यावर मिळते. म्हणून पाणी कोमट लागतं, बाळ पूर्ण पाण्याखालीच बाहेर येतं आणि लगेच, हळूच, तोंड वर करून पृष्ठभागावर आणतात. एकदा डोकं हवेत आलं की ते पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही. म्हणूनच मला शेवटी मिडवाइफनं बजावलं होतं : एक तर नीट खाली बस, नाही तर पूर्ण उभी राहा, अर्धवट नको.

पाण्याचं तापमान ३७.५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. दर तासाला थर्मामीटर बुडवून आकडा लिहितात. बाळाचे ठोके पाण्यात चालणाऱ्या डॉप्लरनं (ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रानं) दर पंधरा मिनिटांनी, जोर करायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. ठोके बिघडले, पाणमोट फुटून हिरवट पाणी आलं, रक्त जास्त गेलं, तर मुकाट्यानं बाहेर यायचं. टबात उतरण्याआधीच हे मान्य करावं लागतं.

धाकटी आली ती रडलीच नाही. निळसर, डोळे उघडे, गप्प. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. मिडवाइफ शांतपणे म्हणाली, ती बघतेय, तिला बघू दे. अर्ध्या मिनिटात गुलाबी झाली. टबातली बाळं बरेचदा अशी गप्प येतात, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या माणसाच्या आयुष्यातलं ते अर्धं मिनिट वाचलं असतं.

नाळेचं मात्र ध्यानात ठेवा. बाळ झटक्यात वर ओढलं आणि नाळ आखूड असली तर ती तुटू शकते. ब्रिटनमधल्या साठ हजारांवर बायकांच्या नोंदी तपासलेला 'पूल' नावाचा अभ्यास २०२४ साली आला. त्यात पाण्यात जन्मलेल्यांमध्ये नाळ तुटण्याचं प्रमाण हजारात दहा, पाण्याबाहेर तीन. बाकी त्याचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे : ज्यांना काही गुंतागुंत नव्हती अशा बायकांमध्ये आईच्या मोठ्या जखमा किंवा बाळाचा त्रास पाण्यामुळे वाढलेला दिसला नाही.

अमेरिकेत असाल तर तिथलं वारं वेगळं आहे. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं की कळा पाण्यात काढायला हरकत नाही, बाळ मात्र कोरड्यावर जन्मावं. ब्रिटनमध्ये टब नेहमीची गोष्ट, तिथे वादाची. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीचं आणि माझं यावरून चांगलंच वाजलं होतं, दोघी आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर.

कुठे : घरी, युनिटमध्ये, की लेबर वॉर्डात

इथे मी ठाम आहे. पहिलटकरणीनं घरी टब मांडू नये, निदान माझा सल्ला तोच. २०११ च्या 'बर्थप्लेस' अभ्यासात इंग्लंडमधल्या कमी जोखमीच्या चौसष्ट हजारांवर बायका होत्या. पहिल्या खेपेला घरी बाळंतपण ठरवलेल्यांमध्ये बाळाला गंभीर त्रास हजारात ९.३, लेबर वॉर्डात ५.३. मिडवाइफ युनिटमध्ये लेबर वॉर्डाच्या तुलनेत तसा फरक दिसला नाही. दुसरेपणी घरीही दिसला नाही. आणखी एक आकडा नवऱ्याला वाचून दाखवा : पहिल्या वेळी घरून सुरुवात करणाऱ्यांतल्या शंभरात ४५ जणींना वाटेत हॉस्पिटल गाठावं लागलं. हॉस्पिटलच्या आवारातल्या युनिटमधूनही ४० जणी हलल्या, पण ते हलणं म्हणजे लिफ्ट. घरून हलणं म्हणजे अँब्युलन्स.

घरचा टब तसा दिसतो तेवढा सोपा नाही. फुगवायचा, नळी जोडायची, सहाशे लिटर भरायचे. म्हणजे सहाशे किलो, वर माणसं. भाड्याच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन असेल तर घरमालकाला विचारा. बॉयलर छोटा असेल तर टब भरेपर्यंत आधीचं पाणी गार होतं. मग नवरा पातेली तापवत बसतो, आणि कळांच्या वेळी जवळ जो हवा तो स्वयंपाकघरात.

मिडवाइफ युनिटमध्ये हे सगळं तयार असतं. पण दार सगळ्यांना उघडं नसतं. आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी, ३७ आठवड्यांच्या आतलं बाळंतपण, यातलं काही असेल तर लेबर वॉर्डच. आपल्या बायकांची खास अडचण साखरेची. दक्षिण आशियाई म्हणून आपल्याला २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी करायलाच सांगतात, आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला की टबाचं स्वप्न बहुतेक वेळा तिथेच थांबतं. म्हणून त्या निकालाआधी टबावर मन बसवू नका.

आणि माहेरी जायचा विचार असेल तर? आईच्या हातचं, शेक-शेगडी, अळिवाची खीर याला तोड नाही. पण तिकडच्या खाजगी हॉस्पिटलांत २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरात ४७ बाळंतपणं सिझरनं झाली, देशाची सरासरी २१.५ असताना. टबाची सोय असलेली ठिकाणं मोजकी. तिथे जायचंच असेल तर तीन गोष्टी तोंडावर विचारा : रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असतो का, रक्त किती वेळात मिळतं, आणि शेवटचं बाळ कशामुळे दुसऱ्या हॉस्पिटलला हलवावं लागलं. तिसऱ्याला 'आमच्याकडे तसं कधी झालंच नाही' असं उत्तर आलं, तर मी उठून येईन.

नंतरचं, आणि नवऱ्यांसाठी

वार पडण्यासाठी मला टबाबाहेर काढलं, मांडीत इंजेक्शन दिलं. पाण्यात किती रक्त गेलं हे नीट कळत नाही, हे कारण पटण्यासारखं आहे. थोडीशी चीर होती, दोन टाके. सहा तासांनी घरी, रात्री वरण-भात. थोरल्या वेळी दोन रात्री हॉस्पिटलात, आणि शेजारच्या पडद्यामागचं बाळ माझ्यापेक्षा जास्त जागं.

नवऱ्याला दोन्हीतलं काय आवडलं विचारलं तर तो टब म्हणतो, कारण लेबर वॉर्डात तो खुर्चीत बसून मशीनचे आकडे वाचत होता. टबाच्या वेळी त्याला कामं होती : पाणी पाजणं, मानेवर ओला रुमाल, पाठ दाबणं. आणि चाळणी. जोर करताना शी होते, बऱ्याच जणींना होते, आणि ती पाण्यात तरंगते. मिडवाइफनं त्याच्या हातात बारीक जाळीची चाळणी दिली आणि दिशा दाखवली. आमचं लग्न झाल्यापासून त्यानं इतकं मन लावून दुसरं काही केलेलं मला आठवत नाही.

मावसबहिणीची साखरेची चाचणी अजून चार आठवड्यांनी आहे. तोवर तिनं युनिट जाऊन बघून यावं, टबात नुसतं बसून यावं असं मी तिला सांगितलंय. घरीच करायचं ठरलं तर चाळणी टबाच्या किटमध्ये येते, घरची घेऊ नकोस, हेही.