व्हर्च्युअलबॉक्स: मशीन काढलं, जागा कुठे गेली?

उबंटूच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स ७ (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे 'मशीन', चालवणारं सॉफ्टवेअर) गेले काही महिने रोज वापरतेय. काम टेस्टिंगचं. दुकानदारांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर कोऱ्या विंडोजवर चालतं का, मराठी कीबोर्ड आधीच टाकलेल्या विंडोजवर चालतं का, हे बघायचं. मशीन मोडायचं, नवीन करायचं. या कामाला फुकटात इतकं चांगलं काही मिळतंय यातच मी खूश आहे. स्नॅपशॉट घ्या (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा), वाट्टेल तो धुडगूस घाला, परत जैसे थे. लिहायचंय ते मशीन काढून टाकल्यावर मागे राहणाऱ्या पसाऱ्याबद्दल, कारण २५६ जीबीच्या एसएसडीवर तो फार लवकर अंगावर येतो.

मशीन रिमूव्ह करताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं: नुसतं यादीतून काढू, की फाइलीही पुसू? नुसतं यादीतून काढलं तर होम फोल्डरमधल्या 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स'मध्ये त्या मशीनचं फोल्डर तसंच राहतं. आत .व्हीबॉक्स ही सेटिंग्जची चिमुकली फाइल, लॉग्जचं फोल्डर, आणि खरा ऐवज म्हणजे .व्हीडीआय, म्हणजे मशीनची आभासी हार्ड डिस्क. अपडेट घेतलेल्या विंडोजची ही एक फाइल २०-३० जीबी सहज खाते. यादीत मात्र काहीच दिसत नाही.

काहींना हा मूर्खपणा वाटतो, मला नाही. मशीन म्हणजे सेटिंग्जचा कागद. डेटा डिस्कमध्ये असतो. तीच .व्हीबॉक्स फाइल 'अ‍ॅड' करून मशीन परत उभं करता येतं. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या अशाच सॉफ्टवेअरमध्येही मशीन डिलीट केलं तरी डिस्कची .व्हीएचडीएक्स फाइल जागेवरच राहते, ती हाताने काढावी लागते. डेटा न विचारता उडण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

अडचण शोधण्यात आहे. व्हर्च्युअलबॉक्सचा मीडिया मॅनेजर (डिस्क फाइलींची यादी) उघडला की कुठल्याच मशीनला न जोडलेल्या डिस्क दिसतात, त्या तिथूनच काढायच्या. काढताना फाइलही पुसायची का, हे तो वेगळं विचारतो. पण यादीतून गेलेल्या मशीनची पोरकी डिस्क तिथे दिसेलच असं नाही. म्हणून मी उबंटूचा 'डिस्क युसेज अ‍ॅनालायझर' (कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारा) चालवते आणि .व्हीडीआय सोबत .ओव्हीए आणि .आयएसओ पण बघते. एक्स्पोर्ट केलेली .ओव्हीए (अख्ख्या मशीनची एका फाइलीतली प्रत) आणि डाउनलोड केलेली .आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क) मशीनबरोबर जात नाहीत, 'फाइलीही पुसा' म्हटलं तरी. व्हेग्रंट (कमांडने मशीन तयार करणारं साधन) वापरत असाल तर होममधलं लपलेलं .व्हेग्रंट.डी फोल्डरही बघा. त्याच्या 'डिस्ट्रॉय' कमांडने मशीन जातं, ज्यावरून ते बनलं तो मूळ बॉक्स तिथेच राहतो.

स्नॅपशॉट्सच्या फोल्डरला मात्र फाइल मॅनेजरमधून हात लावू नका. महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाच्या .व्हीडीआय दिसतात आणि कचरा वाटतात. त्यात मूळ डिस्कनंतर झालेले बदल असतात. मधली एक उडवली की तिच्यावर उभं असलेलं पुढचं सगळं गेलं. स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट करायचा, म्हणजे तो आधी बदल नीट विलीन करतो. याला वेळ लागतो आणि त्या वेळात डिस्कवर थोडी मोकळी जागाही लागते. जागा संपत आल्यावर साफसफाईला बसणाऱ्यांनी हे आधीच वाचावं.

आणि फाइल मॅनेजरमधून डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये जाते. ३० जीबीची डिस्क 'काढली' तरी ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा एक केबीनेही वाढत नाही.

चालू मशीनचंही एक आहे. डायनॅमिक (लागेल तशी फुगणारी) डिस्क वाढते, पण आत फाइली पुसल्या म्हणून आपणहून आक्रसत नाही. आधी मशीनच्या आत मोकळी जागा शून्यांनी भरायची (विंडोजमध्ये 'एसडिलीट' हे छोटं साधन हे काम करतं), मग मशीन बंद करून बाहेरून 'व्हीबॉक्समॅनेज' या व्हर्च्युअलबॉक्सच्या टर्मिनलमधल्या साधनाची कॉम्पॅक्टची कमांड. स्नॅपशॉट असतील तर आधी ते काढलेले बरे, नाहीतर मूळ डिस्क फारशी बारीक होत नाही. कटकट आहे. टेस्टिंगच्या मशीनसाठी मी यात पडतच नाही, सरळ नवीन करते.

लिनक्सवरच्या 'व्हर्ट-मॅनेजर' या अशाच सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला इथे हवी होती: मशीन डिलीट करताना तो प्रत्येक डिस्कचा पूर्ण पत्ता दाखवतो आणि प्रत्येकीपुढे वेगळी टिक देतो. तरी रोजच्या कामाला मी व्हर्च्युअलबॉक्सच ठेवणार आहे. फक्त आता सगळी मशीन बाहेरच्या एसएसडीवरच्या एकाच फोल्डरात. प्रेफरन्सेसमध्ये 'डिफॉल्ट मशीन फोल्डर' बदलला की झालं, पण आधीची मशीन जुन्याच जागी राहतात, ती 'मूव्ह'ने हलवावी लागतात.