पालिकेचा स्विमिंग टँक: अपंगांनी जावं का? जावंच!
मला लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा), त्यामुळे टँक कसा आहे यापेक्षा पाण्यापर्यंत पोचता येतं का हेच मी आधी बघतो. आमच्या भागातल्या टँकला गेटपासून रॅम्प आहे, पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी स्टीलचा दांडा आहे आणि लाइफगार्ड पोरं एकदम भारी, कॅलिपर काढला की खुर्ची थेट काठाला आणून ठेवतात आणि हात लावायच्या आधी विचारतात, हे फार कमी ठिकाणी होतं. चेंजिंग रूमला मात्र उंबरठा आहे, व्हीलचेअर अडते, शिवाय ओल्या फरशीवर कुबडीचं रबर सटकतं, मॅट टाका हो प्लीज! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात खेळाच्या सोयींचंही कलम आहे, तेव्हा मागायला लाजू नका. आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड मारलं!! थंडीत आपल्यातली बरीच मंडळी यायची बंद होतात, असं नका करू, खंड पडला की माझे तरी खांदे परत आखडतात. दुपारच्या बॅचला गर्दी कमी असते, तेव्हा या.