बार्टचं बोर्ड की व्हीटीएचं? कुठे जाऊन बोलायचं, ते ठरवण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या वॉर्म स्प्रिंग्जहून बार्टमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या लोकल रेल्वेत, बसलं की पुढचंच स्टेशन मिलपिटास. गाडी तीच, कार्डही तेच. मधे फक्त अलामेडा काउंटी संपून सॅन्टा क्लारा सुरू होते. पण फ्रीमाँटकर मतदार बार्टचा संचालक निवडतो आणि मिलपिटासकराला तो हक्क नाही. घर घेताना शाळेच्या रेटिंगपासून एचओएच्या (घरमालक संघटनेच्या) नियमांपर्यंत सगळं तपासणारे आपले लोक हे सहसा बघत नाहीत. सार्वजनिक वाहतुकीसाठी काही करायचं मनात असेल, मग ती साधी तक्रार असो वा उद्याची उमेदवारी, तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

बार्टच्या बोर्डावर ९ संचालक असतात. अलामेडा, कॉन्ट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन काउंट्यांचे ९ मतदारसंघ, प्रत्येकातून एक, मुदत ४ वर्षांची. सुरुवातीला इथेही नेमलेलेच संचालक होते. १९७४ पासून ते थेट लोकांनी निवडलेले असतात. जनरल मॅनेजर नेमतं ते हे बोर्डच. म्हणजे तुमच्या स्टेशनची लिफ्ट वारंवार बंद पडत असेल, तर ज्याला जाब विचारायचा तो एकच माणूस आहे आणि पुढच्या निवडणुकीत त्याला घरी पाठवायचा अधिकार तुमचा आहे.

सॅन्टा क्लारा काउंटीत बस आणि लाइट रेल चालवणाऱ्या व्हीटीएचा कारभार वेगळा आहे. १२ मतदानाधिकारी संचालक, आणि त्यांच्यातला एकही व्हीटीएचा संचालक म्हणून निवडून आलेला नसतो. ५ जागा सॅन होजेच्या, २ काउंटी सुपरवायझरांच्या, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या सदस्यांच्या. उरलेल्या ५ बाकीच्या शहरांच्या गटांना वाटलेल्या आहेत: मिलपिटास, सॅन्टा क्लारा आणि सनीव्हेल या तिघांत मिळून २, तर गिलरॉय आणि मॉर्गन हिल यांच्यात १. शहरांच्या जागांवर नगरपालिकेचे सदस्य किंवा महापौरच नेमले जातात. मुंबईकरांनी बेस्ट समिती आठवावी. तिचे सदस्यही पालिकेनेच नेमलेले.

याचा त्रास काय होतो, हे काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २००४, २००९ आणि पुन्हा २०१९ मध्ये लिहून ठेवलं आहे. बोर्ड फार मोठं, फार राजकीय, कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यावर फार विसंबलेलं, असा या अहवालांचा सूर आहे. मला ते पटतं. आपल्या शहराचं बजेट, पोलीस, घरबांधणी हे सगळं सांभाळून जो माणूस महिन्यातून एकदा बसच्या बैठकीला येतो, त्याचं मन बसमध्ये कितीसं असणार? त्यात व्हीटीए ही काउंटीची रस्ते नियोजन संस्थाही आहे, त्यामुळे हायवेची कामं आणि तुमच्या बसची फेरी एकाच टेबलावर येतात. उलट एक जमेची बाजू आहे. बस थांब्यापाशी फुटपाथ किंवा सिग्नल हवा असेल, तर ते काम शहराचंच असतं आणि संचालक त्याच शहराच्या कौन्सिलवर असू शकतो.

पण निवडून आलेलं बोर्ड म्हणजे आपोआप चोख कारभार, असं मी म्हणणार नाही. बार्टसाठी इन्स्पेक्टर जनरलचं, म्हणजे गैरव्यवहार तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचं, पद २०१८ मध्ये मतदारांच्या कौलातून आलं. त्या कामात बोर्ड आणि व्यवस्थापन अडथळे आणतं, असा ठपका अलामेडाच्या ग्रँड ज्युरीने २०२२ मध्ये ठेवला. मतदान झालं की आपलं काम संपलं, असं समजणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा.

दोन्ही बोर्डांना कॅलिफोर्नियाचा खुल्या बैठकांचा ब्राउन कायदा सारखाच लागू आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, त्यात नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही, आणि लोकांना बोलू द्यावंच लागतं. मत द्यायला नागरिकत्व लागतं, बोलायला लागत नाही. एच-वन-बीवरच्या माणसानेही बिनधास्त उभं राहावं. हजर राहण्यासाठी नाव लिहायची सक्तीसुद्धा करता येत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी वेळही बघावी. बार्टच्या बैठका साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी सकाळी ९ ला, म्हणजे बोलायचं तर रजा टाकावी लागते. व्हीटीएची पहिल्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला.

अलामेडात राहत असाल तर सरळ तुमच्या बार्ट संचालकाला गाठा. निवडणूक लढवायची असेल तर तीही इथेच. सॅन्टा क्लारा काउंटीत असाल तर व्हीटीएच्या बोर्डाआधी आपल्या सिटी कौन्सिलच्या उमेदवाराला बस-रेल्वेबद्दल विचारा, कारण पुढे बोर्डावर तोच बसू शकतो. आणि खुर्चीच हवी असेल तर व्हीटीएच्या सायकल आणि पादचारी सल्लागार समितीपासून सुरुवात करा. तिथे काउंटीतल्या १५ शहरांना प्रत्येकी एक जागा आहे, सॅन होजेला एक तशी चिमुकल्या मॉन्टे सेरेनोलाही एकच. रिकाम्या जागेची चौकशी आपल्या सिटी हॉलमध्ये करायची.