आरव्हीच्या ऑनिंगचं कापड बदलताना: विनाइल घ्यावं की ॲक्रिलिक?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर किंवा मोटरहोम, बाळगणाऱ्या मराठी घरांना एक खर्च हमखास येतो, तो दाराच्या वरच्या ऑनिंगचा, म्हणजे गुंडाळून ठेवता येणाऱ्या कापडी छताचा. लोखंड-ॲल्युमिनियमचा सांगाडा पंधरा-वीस वर्षं टिकतो, कापड त्याच्या निम्म्यातच हात टेकतं. सुदैवाने नवं ऑनिंग घ्यावं लागत नाही. डोमेटिक (जुन्या गाड्यांवर ए अँड ई हे नाव दिसेल), केअरफ्री ऑफ कोलोराडो आणि लिपर्टचं सोलेरा, या तिन्हींसाठी नुसतं कापड मिळतं, आणि मूळ कंपनीखेरीज इतरही शिवून देतात. दोन जातींची इथे तुलना केली आहे: पीव्हीसीचा थर दिलेलं विनाइल आणि विणलेलं ॲक्रिलिक.

निकाल आधीच सांगतो. शनिवार-रविवार जाऊन येणाऱ्यांनी जाड विनाइल घ्यावं. महिना-महिना एका जागी उन्हात मुक्काम ठोकणाऱ्यांनी ॲक्रिलिक. महाग ते चांगलं हा हिशेब इथे चालत नाही, कारण दोन्ही कापडं मरतात ती वेगवेगळ्या कारणांनी.

विनाइल म्हणजे आत पॉलिएस्टरची जाळी आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिक. आपल्याकडच्या चांगल्या ताडपत्रीचा सुधारलेला चुलतभाऊ म्हणा. पाणी अजिबात आत येत नाही, पुसायला सोपं, सोळा फुटी कापड साधारण दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये येतं. वजन चौरस यार्डाला औंसांत सांगतात. 13 औंसाच्या खालचं घेऊ नका, 15-16 औंसाचं मिळालं तर उत्तम. जाहिरातीत वजनच दिलेलं नसेल तर ते कापड पातळ आहे असं समजून पुढे जा. सांधे शिवलेले आहेत की उष्णतेने जोडलेले, हेही विचारा. शिवणीत सुईची भोकं असतात आणि दोरा उन्हाने कापडाच्या आधी कुजतो. उष्णतेने जोडलेल्या सांध्याला हे दोन्ही रोग नाहीत.

विनाइलचा दोष असा की नक्षी वरच्या थरावर छापलेली असते. तो थर झिजला की आतली जाळी दिसू लागते, मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. शिवाय ते श्वास घेत नाही. खाली हवा कोंडते, दुपारी बसायला गरम होतं, आणि ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी धरते.

ॲक्रिलिकमध्ये सनब्रेला हे नाव सगळ्यांना ठाऊक. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्लेन रेव्हन कंपनीने 1961 मध्ये ते बाजारात आणलं. त्याचा रंग धागा बनतानाच आत मिसळलेला असतो. छापील साडी आणि आधी सूत रंगवून मग विणलेली साडी यांत जो फरक, तोच इथे. म्हणून ॲरिझोनाच्या उन्हातही रंग वर्षानुवर्षं टिकतो. कापडावर दहा वर्षांची मर्यादित हमी असते, पण ती कापडाची. शिलाईची आणि बसवण्याच्या मजुरीची नाही. वजन चौरस यार्डाला नऊ औंसांच्या आसपास, हवा आरपार जाते, खाली सावली थंड लागते. किंमत विनाइलच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त धरा. शिवताना पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीचा) दोरा वापरला असेल तर जादा पैसे द्यायला हरकत नाही. साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने शिवलेलं ॲक्रिलिक म्हणजे कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, अशी गत होते.

मात्र ॲक्रिलिक जलरोधक नाही. ते पाणी झटकतं, अडवत नाही. भुरभुर पावसात काही कळत नाही, पण पाणी साचून राहिलं की झिरपतं. भिजलं की किंचित सैल पडतं, मग मध्ये झोळ येतो आणि झोळात आणखी पाणी. सिएटलसारख्या पावसाळी भागात राहणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. हलकं असल्यामुळे वाऱ्यात फडफडही जास्त.

कोणतंही घ्या, एक गोष्ट सोडू नका: रेलच्या (गाडीला ठोकलेल्या, कापडाचा काठ धरणाऱ्या खोबणीच्या) बाजूची संरक्षक पट्टी, म्हणजे वेदर गार्ड. ऑनिंग गुंडाळलं की गाडीला जोडलेल्या कडेजवळचा भाग सर्वांत बाहेरच्या वेढ्यात येतो. बाकी कापड आत सुरक्षित, आणि हा एक-दीड फूट बाराही महिने उन्हात. विनाइल ऑनिंग रेलला लागून आडवं फाटलेलं दिसतं ते याचमुळे. गंमत अशी की ऑनिंग जितकं कमी उघडाल तितका हा भाग जास्त भाजतो. काही मॉडेलवर इथे धातूच्या पट्ट्यांचं कवच असतं. त्याला पोचे पडले असतील तर ते नीट गुंडाळलं जात नाही, तेव्हा नव्या कापडाला जाड विनाइलची पट्टी शिवून घेणं सोपं पडतं.

आता माप. परत पाठवलेल्या कापडांची चूक बहुधा इथेच निघते. ‘सोळा फुटी ऑनिंग’ म्हणजे दोन आर्मच्या (ऑनिंग तोलून धरणाऱ्या बाजूच्या दांड्यांच्या) मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. प्रत्यक्ष कापड त्याहून आखूड असतं: कित्येक मॉडेलवर सोळा फुटीचं कापड सुमारे 15 फूट 2 इंच भरतं. हा फरक सगळीकडे सारखा नाही, मॉडेलनुसार काही इंच इकडेतिकडे होतो. काही विक्रेते आर्मचं माप मागतात, काही कापडाचं. कोणतं मागितलंय ते नीट वाचा आणि ऑर्डर देताना दोन्ही लिहा. कापडाचं माप रोलरवर, म्हणजे कापड ज्यावर गुंडाळतं त्या नळीवर, घ्या, काठापासून काठापर्यंत. मध्यावर घेऊ नका, जुनं कापड तिथे ताणलेलं असतं. जास्त रुंद आलं तर कडा रोलरच्या टोपणांना घासून महिन्याभरात उसवतात. रोलरवर खोबण्या किती आहेत ते मोजा, टोपणाचा फोटो काढा, आणि पुढची झालर कापडाला जोडलेली आहे की वेगळ्या खोबणीत सरकवलेली, हे पाहून ठेवा. झालर वेगळी असेल तर ती किमतीत आहे का, तेही विचारा.

बसवायला तीन माणसं, दोन सहा फुटी शिड्या आणि बिनवाऱ्याची सकाळ लागते. थंडीत विनाइल पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. पारा 65-70 फॅरनहाइटच्या वर असू द्या, आणि घडी उघडून कापड तासभर उन्हात पसरून ठेवा. घड्यांच्या सुरकुत्या राहिल्या तरी चिंता नको, उघडं ठेवलं की त्या काही दिवसांत आपोआप जातात.

हाताने ओढायच्या ऑनिंगच्या रोलरमध्ये पिळाची स्प्रिंग असते, आणि हे काम धोकादायक आहे ते तिच्यामुळे. आधी टोपणाच्या भोकातून कॉटर पिन (दुमडलेल्या तारेची खीळ) घालून स्प्रिंग अडकवा. ती मोकळी करायचीच असेल तर टोपण व्हाइस ग्रिपने (चाप लागून घट्ट बसणाऱ्या पकडीने) घट्ट धरा, पीळ एकेक वेढा सोडा आणि वेढे मोजून टोपणावर मार्करने लिहा. परत भरताना तितकेच वेढे, पण सोडताना फिरले त्याच्या उलट दिशेने. हातातून सुटली तर बोट मोडण्याइतका जोर तिच्यात असतो. विजेवर चालणाऱ्या ऑनिंगला आधी बारा व्होल्टचा फ्यूज काढा आणि दोन्ही आर्म गाडीला पट्ट्याने बांधा. अनेक मॉडेलच्या आर्ममध्ये गॅसचे दांडे असतात. रोलर सुटला की आर्म उसळून बाहेर येतो. विजेच्या काही मॉडेलमध्येही मोटरच्या विरुद्ध टोकाला स्प्रिंग असते, तेव्हा मोटर आहे म्हणजे पीळ नाही असं धरून चालू नका.

पुढचं काम सरळ आहे. रेलच्या दोन टोकांना कापड सरकू नये म्हणून लावलेले छोटे स्क्रू काढा. रोलर आर्मवरून उतरवून, जुनं कापड रेलमधून एका बाजूला ओढून, सगळं लाकडी घोड्यांवर (सुतारकामाच्या आधारांवर) ठेवा. कापड रोलरच्या वरून गुंडाळलंय की खालून, याचा फोटो जरूर घ्या. उलटं बसवलेलं कापड सगळं जोडून झाल्यावरच लक्षात येतं. खोबणीतली माती ब्रशने काढा, तोंडाशी धातूची कूस असेल तर कानशीने घासा, आणि रेलचं तोंड जाड स्क्रूड्रायव्हरने अगदी किंचित फाकवा. मग कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, त्यावर धूळ बसते आणि विनाइलवर डाग पडतात.

कापडाच्या काठात प्लास्टिकची गोल दोरी असते, तिला पॉलिरॉड म्हणतात. पायजम्यात नाडी ओवावी तशी ती खोबणीत ओवायची. एकाने शिडीवर उभं राहून तोंडाशी कापड सरळ भरवायचं, दुसऱ्याने पुढून ओढायचं, तिसऱ्याने रोलर त्याच उंचीवर धरून चालायचं. अडकलं तर जोर लावू नका, मागे घेऊन पुन्हा स्प्रे मारा. काठ एकदा फाटला की नवं कापड पहिल्याच दिवशी जुनं.

स्क्रू लावायची घाई करू नका. कापड रेलवर आणि रोलरवर दोन्हीकडून सारखं मध्यावर आणा, मग दोन-तीनदा पूर्ण उघडून मिटून पाहा. गुंडाळी एका बाजूला सरकत शंकूसारखी होत असेल तर कापड मध्यावर नाही किंवा एक आर्म दुसऱ्यापेक्षा जास्त उतरलेला आहे. दुरुस्त झाल्यावरच स्क्रू घट्ट करा आणि प्रत्येक भोकावर आरव्हीचं सीलंट भरा. न भरलेल्या भोकातून पाणी भिंतीत मुरलं तर बाहेरचा फायबरग्लास सुटू लागतो, आणि त्या दुरुस्तीपुढे कापडाचा खर्च काहीच नाही.

निगा राखताना सर्वांत मोठा शत्रू पाणी, तेही वजनाने. सोळा बाय आठ फुटांच्या छतावर एक इंच पाऊस म्हणजे जवळपास ऐंशी गॅलन, साडेसहाशे पौंडांहून जास्त. एक आर्म दुसऱ्यापेक्षा चांगला फूटभर खाली ठेवला तर ते वाहून जातं. सपाट ठेवलं तर झोळ पडतो आणि आर्म वाकतात. गणपतीच्या मांडवावर ताडपत्रीत पाणी साचलं की खालून बांबूने ढोसतात, ती सवय इथे नको: पाणी एकदम एका बाजूला धावतं आणि त्या आर्मवर सगळा भार येतो. कड हळूहळू खाली करून सोडा. वाऱ्याचा भरवसा नसेल तर ऑनिंग उघडं टाकून फिरायला जाऊ नका. वाऱ्याचा सेन्सर असलेली मॉडेल आपोआप मिटतात, पण पहिला झोत येऊन गेल्यावर. फडफड थांबवायला कापड आर्मला धरणारे चिमटे मिळतात. ते स्वस्त आणि कामाचे आहेत.

ओलं मिटावं लागलंच तर मिटा, पण घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. बुरशी कापडापेक्षा त्यावरच्या मातीवर, पानांवर, झाडाच्या चिकावर वाढते. म्हणून महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुणं हे कोणत्याही बाटलीतल्या औषधापेक्षा चांगलं. प्रेशर वॉशर लांब ठेवा, आणि डास मारायचे फवारे कापडाजवळ मारू नका.

विनाइलवर बुरशी धरली तर पाच गॅलन पाण्यात पाव कप भांड्यांचा साबण आणि पाव कप ब्लीच घाला. कापडावर भरपूर ओता, ऑनिंग पाच मिनिटं मिटा म्हणजे द्रावण दोन्ही बाजूंना लागतं, मग उघडून स्वच्छ धुवा. पेट्रोलजन्य क्लीनर वापरले तर प्लास्टिक कडक होऊन तडकतं. ॲक्रिलिकला रोजच्या मळासाठी सौम्य साबण आणि कोमट पाणी, 100 फॅरनहाइटच्या आत. बुरशीसाठी एक गॅलन पाण्यात एक कप ब्लीच आणि पाव कप साबण, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. रंग धाग्यात असल्यामुळे इतकं ब्लीच त्याला सोसतं. हेच द्रावण विनाइलवर ओतू नका. अशा धुण्यानंतर ॲक्रिलिकचा पाणी झटकण्याचा गुण कमी होतो. पूर्ण वाळल्यावर 303 फॅब्रिक गार्डसारखा लेप पुन्हा द्या. पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळायला लागले की लेप बसला.

विनाइलमधल्या बारीक भोकांना पारदर्शक ऑनिंग टेप चालते, जागा स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंनी लावली तर एक-दोन हंगाम काढते. शिवणीवरची किंवा रेलजवळची फाट मात्र टेपने फक्त घरापर्यंत आणते.